सगळे आकडे ठीक होते

500 मेगावॅटचं जनित्र बघायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी आत थंडाव्यासाठी भरलेल्या हायड्रोजनबद्दल विचारतो. स्फोट होईल का, गळती कशी कळते, आत शुद्धता किती असते. विचारावंच. आम्हीही त्याला मान देतो. हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतकी घनता आणि हवेच्या सुमारे सातपट उष्णतावाहकता असलेला हा वायू नसता, तर मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या रोटरने, म्हणजे जनित्राच्या फिरत्या भागाने, नुसती हवा घुसळण्यातच केवढी तरी वीज खाल्ली असती. शुद्धता 98 टक्क्यांवरून 95 वर घसरली तरी आतल्या वायूची घनता जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते आणि घर्षणाचा तोटाही त्याच प्रमाणात चढतो. म्हणून शुद्धतेच्या मीटरकडे शिफ्टमधला प्रत्येक जण बघतो.

स्टेटरच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या स्थिर भागाच्या, पाण्याला मात्र तो मान मिळत नाही, आणि ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे ते त्या पाण्याचं आहे.

जनित्राची कार्यक्षमता 98.7 टक्के म्हटली की लोकांना वाटतं, आता यात करण्यासारखं उरलं काय? 500 मेगावॅटवर उरलेला सव्वा टक्का म्हणजे साडेसहा मेगावॅटच्या आसपास उष्णता, तीही एका बंद लोखंडी पिंपात, अखंड. आमच्या यंत्रात रोटर हायड्रोजनने थंड होतो आणि स्टेटरची गुंडाळी पाण्याने. स्टेटरला 48 खाचा, प्रत्येक खाचेत वर-खाली दोन बार, एकूण 96. प्रत्येक बार म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांची जुडी. त्यातल्या काही भरीव, काही पोकळ. पोकळ पट्टीतली वाट जेमतेम काही मिलिमीटरची. पूर्ण लोडवर एका बारमधून 8 हजार अँपिअर जातात आणि त्याच तांब्याच्या पोटातून डीएम (क्षार काढून टाकलेलं) पाणी वाहतं. एका टोकाला शिरतं, दुसऱ्या टोकाला टेफ्लॉनच्या नळीतून बाहेर पडतं. त्या नळीच्या तोंडाशी प्रत्येक बारचं तापमान मोजलं जातं.

34 नंबरच्या बारचं तापमान इतरांपासून वेगळं पडायला लागलं ते हळूहळू. शेजारचे बार 65 अंशांच्या आगेमागे आणि हा 74. अलार्म वाजल्यावर डेस्कवरच्या इंजिनिअरने इन्स्ट्रुमेंटवाल्यांना बोलावलं आणि त्यांचं निदान येण्याआधीच तयार होतं. "मॅडम, सेन्सर गेलाय. चॅनेल बायपास करतो, ओव्हरहॉलला बदलू."

हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. सेन्सर बिघडतात, मान्य. पण आमच्याकडे एखादा आकडा गैरसोयीचा झाला की पहिला संशय आकडा देणाऱ्यावर जातो. वर या संशयाच्या बाजूने पुरावाही भक्कम होता. पाण्याचा एकूण प्रवाह ठीक. पाण्याची विद्युतवाहकता ठीक. खाचेतल्या तापमापकांचे आकडेही ठीक.

हे तिन्ही आकडे का गप्प राहतात ते सांगते, कारण माझ्या मते गोम इथेच आहे. 96 समांतर वाटा आहेत. त्यातल्या एकीचा प्रवाह तिसऱ्या हिश्श्याने घटला, तर एकूण प्रवाहात फरक पडतो साधारण 0.3 टक्के. तेवढा तर मीटरचा काटा एरवीही हलतो. वाहकतेचं म्हणाल तर तांब्याचं ऑक्साइड पाण्यात फारसं विरघळत नाही, आणि जे थोडं विरघळतं ते रेझिनचा पॉलिशर, म्हणजे पाणी शुद्ध करणारं भांडं, धरून ठेवतं. मीटर आनंदाने कमी वाहकता दाखवत राहतो. खाचेतला तापमापक वरच्या आणि खालच्या बारच्या मध्ये, इन्सुलेशनच्या बाहेर बसलेला असतो. त्याला दोघांची सरासरी कळते, तीही उशिरा. बारच्या आत काय चाललंय हे फक्त नळीच्या तोंडाशी कळतं, आणि आम्ही नेमका तोच साक्षीदार बायपास करायला निघालो होतो.

मी चीफसाहेबांकडे एकच गोष्ट मागितली: तासाभरासाठी स्टेटरचा करंट 70 टक्क्यांवर आणायचा. मेगावॅट मोजून चालत नाही, व्होल्टेजसाठी दिलेली रिअॅक्टिव्ह पॉवरही करंटमध्ये येते, म्हणून दोन्ही जुळवून घ्यावी लागतात. तर्क साधा होता. सेन्सर चुकीचा असेल तर तो 9 अंश जास्त दाखवतोय, आणि करंट कमी केला तरी साधारण 9 च जास्त दाखवत राहील. पण बार खरंच तुंबला असेल तर उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात घटणार. 0.7 चा वर्ग 0.49. म्हणजे फरक निम्म्यावर यायला हवा.

साहेबांनी लोड डिस्पॅचशी, म्हणजे ग्रिडचं लोड ठरवणाऱ्या केंद्राशी, बोलून तासभर मिळवून दिला. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मागणीच्या वेळी लोड खाली घ्यायला मागणं सोपं नसतं आणि "सेन्सर आहे" म्हणून सही करणं फार सोपं असतं. तापमान स्थिरावायला वेळ लागतो, तोवर आम्ही सगळे ट्रेंडच्या पडद्यासमोर उभे होतो. 34 ची रेघ खाली आली, शेजाऱ्यांचीही आली. मधलं अंतर साडेचार अंश. इन्स्ट्रुमेंटवाल्या मुलाने स्वतःच पुन्हा वाचून बघितलं आणि म्हणाला, "सेन्सर बरोबर आहे मॅडम."

74 अंश ऐकून घाबरण्यासारखं काही वाटत नाही. एपॉक्सी-मायका इन्सुलेशन वर्ग एफचं, मर्यादा 155 ची. पण 74 हे त्या बारमधल्या सगळ्या पोकळ पट्ट्यांच्या पाण्याचं मिळून तापमान आहे. सगळ्या पट्ट्या सारख्याच थोड्या थोड्या तुंबल्या आहेत, की दोन-चार पूर्ण बंद होऊन बाकीच्या मोकळ्या आहेत, हे त्यातून कळत नाही. पट्टी पूर्ण बंद झाली तर तिची उष्णता शेजारच्या पट्ट्यांच्या भरवशावर. आत पाणी अडकून उकळलं तर वाफेची गुठळी उरलेली वाटही अडवते. तिथून अर्थ फॉल्टपर्यंतचा, म्हणजे इन्सुलेशन फुटून करंट जमिनीत जाण्यापर्यंतचा, प्रवास पुष्कळदा कोणत्याही अलार्मशिवाय होतो.

पुढे कमी लोडवर मशीन चालवत ठेवलं आणि मागणी उतरल्यावर बंद घेतलं. हायड्रोजन काढताना आधी कार्बन डायऑक्साइड भरून तो बाहेर ढकलायचा, मग हवेने कार्बन डायऑक्साइड काढायचा, कारण 4 ते 75 टक्क्यांच्या मधलं हवा-हायड्रोजनचं मिश्रण पेट घेतं. मग खिसे रिकामे करून, प्रत्येक पाना आणि टॉर्च नोंदवून आत शिरायचं. प्रत्येक टेफ्लॉन नळीवर अल्ट्रासॉनिक मीटर लावून प्रवाह मोजला. 34 चा प्रवाह शेजाऱ्यांच्या दोन तृतीयांशाच्या आसपास निघाला, म्हणजे तापमानावरून काढलेला हिशोब जमला. मला त्याचा आनंद झाला नाही, कारण आणखी दोन बारचा प्रवाह आठव्या हिश्श्याने कमी भरला. त्यांचं तापमान इतरांपेक्षा तीनेक अंशांनी जास्त होतं. तेवढ्यावर अलार्म येत नाही.

तुंबलं कशाने? काळपट, पिठासारखं तांब्याचं ऑक्साइड. तांबं पाण्यात नीट राहतं ते दोन परिस्थितींत: विरघळलेला ऑक्सिजन अगदी कमी, अब्जात 20 भागांच्या खाली, किंवा भरपूर, दशलक्षात 2 भागांच्या वर. मधल्या पट्ट्यात, अब्जात काही शे भाग असताना, ऑक्साइडचा थर धड टिकत नाही. सुटतो, वाहतो आणि अरुंद जागी जाऊन बसतो. आमचं यंत्र कमी ऑक्सिजनवर चालणारं. टाकीवर वायूचं आवरण असतं, हवा आत यायला वाट नाही. मग ऑक्सिजन आला कुठून?

पंपाच्या सीलमधून थेंब थेंब पाणी गळत होतं. "थेंबच आहेत" म्हणून सील पेंडिंग यादीत पडलं होतं. गळालेलं पाणी भरून काढायला जवळजवळ दर शिफ्टला मेकअप, म्हणजे वरून ताजं पाणी, दिलं जायचं, आणि हवेशी संपर्कात आलेल्या ताज्या डीएम पाण्यात ऑक्सिजन असतो दशलक्षात 8 भागांच्या घरात. दर वेळी थोडा थोडा करून त्याने सगळं पाणी त्या मधल्या वाईट पट्ट्यात नेऊन ठेवलं.

मी रजिस्टरं काढून बसले तेव्हा सगळं लिहिलेलं सापडलं. मेकअपची नोंद ऑपरेशनच्या लॉगबुकात. फिल्टर नेहमीपेक्षा लवकर चोक होतोय ही नोंद मेकॅनिकलकडे. ऑक्सिजन वाढल्याची नोंद केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत, व्यवस्थित अक्षरात, तारखेसकट. तापमान आमच्याकडे. चार विभाग, चार रजिस्टरं, आणि प्रत्येकाने आपलं काम चोख केलेलं. कोणावर ठपका ठेवावा असं मला प्रामाणिकपणे दिसत नाही, आणि त्यामुळेच हे प्रकरण डोक्यातून जात नाही. माणूस चुकला असता तर त्याला समज देता आली असती. इथे रचनाच अशी आहे की सीलचे थेंब आणि बारचं तापमान कधी एका पानावर येतच नाहीत. पाणी मात्र एकच आहे, त्याला विभाग माहीत नाहीत.

उलट्या दिशेने फ्लशिंग केलं, मग ईडीटीएने, म्हणजे ऑक्साइड विरघळवणाऱ्या रसायनाने, सफाई. वापरलेलं द्रावण निळं होऊन बाहेर आलं. नंतरच्या मोजणीत ते दोन बार पूर्ववत झाले. सील बदललं. मेकअपचा रोजचा आकडा आता जनित्राच्या तक्त्यात तापमानाच्या शेजारी येतो, एवढं मी पदरात पाडून घेतलं. ऑक्सिजनचा ऑनलाइन अॅनालायझर कंट्रोल रूमच्या पडद्यावर हवा ही मागणी खर्चाच्या शेऱ्यासह परत आली आहे. एक बार बदलायला वरचे किती बार उचलावे लागतात आणि त्यात यंत्र किती काळ बंद राहतं हे माहीत असलेला माणूस तो शेरा मारणार नाही.

34 नंबर अजून शेजाऱ्यांपेक्षा दोनेक अंश गरम चालतो. लोड बदलला की मी तो फरक तपासते आणि तो दर वेळी करंटच्या वर्गाप्रमाणेच हलतो, म्हणजे आत काहीतरी अजून बसलेलं आहे. पुढच्या ओव्हरहॉलला तो बार बदलायचा की पुन्हा सफाई करून चालवायचा, यावर आमच्यात एकमत नाही. बार काढताना वरचे चांगले बार दुखावतील, हा समोरच्यांचा मुद्दा खोटा नाही. तरी माझं मत बदलावा असंच आहे: दोन अंश एका पूर्ण बंद पट्टीचे आहेत की सगळ्यांच्या थोड्या थोड्या साक्याचे, हे सांगू शकणारं कोणतंही मोजमाप चालू यंत्रावर आमच्या हातात नाही.