जर्मन बोलताना लाज वाटते? इंग्रजीची वाट सोडा

जर्मनची बी१ म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली माणसंसुद्धा जर्मनीत बेकरीच्या काउंटरपाशी गप्प होतात. मागे रांग असते, समोरची बाई भराभर विचारते, 'वास दार्फ्स झाइन?' (काय हवंय?) आणि तोंडातून इंग्रजी बाहेर पडतं. मग दिवसभर ओशाळल्यासारखं होतं.

बऱ्याचदा सुरुवात तिच्या 'वी बिटे?'पासून (काय म्हणालात?) होते. आपल्याला वाटतं, चुकलो. तिला मात्र नुसतं ऐकू आलेलं नसतं. अशा वेळी वाक्य बदलू नका, घाईत जुळवलेलं नवं वाक्य हमखास फसतं. तेच पुन्हा, सावकाश आणि जरा मोठ्याने म्हणा: 'इश हेटे गेर्न त्स्वाय ब्रोटशेन.' दोन पाव हवे होते, एवढंच. ती इंग्रजीत बोलू लागली, तर जर्मनचा सराव करायचाय असं तिला जर्मनमध्येच सांगा.

पण खरी अडचण वेगळीच आहे. आपण मराठीतून इंग्रजीत आणि तिथून जर्मनमध्ये जातो. थंडी वाजली की इंग्रजीच्या वळणाने 'इश बिन काल्ट' म्हणतो, आणि त्यातून आपण थंड मनाचे आहोत असा अर्थ निघू शकतो. जर्मन माणूस म्हणतो, 'मीर इस्ट काल्ट'. 'मीर' म्हणजे आपलं 'मला'. आवडण्याचंही तसंच: 'दास गेफेल्ट मीर', ते मला आवडतं. आकड्यांतही एकक आधी येतो. फोन नंबर उतरवताना डोक्यात इंग्रजी असेल तर 47चे 74 होतात. मनात 'सत्तेचाळीस' म्हणा, सात आधी आणि चाळीस नंतर, जर्मनसारखेच.

वेळ सांगताना तर फारच घोटाळा होतो. 'हाल्ब द्राय' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. आपला 'अडीच' हा शब्दही 'अर्धतृतीय'वरून आलाय, म्हणजे तिसरा अर्धा. हे एकदा लक्षात आलं की भेटीला तासभर उशीर होत नाही.

लिंगं दोन्हीकडे तीन, पण ती जुळतीलच असं नाही. सूर्य तिथे स्त्रीलिंगी आहे. आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारा लिंगदर्शक शब्द, चुकलं तरी वाक्य पूर्ण करा. अर्थ पोचतो, अर्ध्यात थांबलात तर पोचत नाही.

उच्चारात 'फ्युन्फ'मधला स्वर अवघड जातो. आरशासमोर 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ 'ऊ'सारखे गोल करा. ओठ सैल पडले की नुसती 'ई' उरते. जर्मन 'Z'चा उच्चार, म्हणजे चाक, चूल यांतला 'च', मात्र आपल्याकडे जन्मापासून आहे. हिंदीभाषकांना तो मुद्दाम शिकावा लागतो. आगगाडीचा जर्मन शब्द 'Zug' आपण 'चूक' म्हणतो, अगदी तसाच उच्चारायचा.