नाशिक, पहाटे साडेपाचपासून

नागपूरहून निघताना बॅगेत सगळ्यात आधी धावायचे बूट गेले. जानेवारीचा दुसरा आठवडा, जोडून आलेल्या तीन सुट्ट्या, आणि नाशिकच्या मावसबहिणीचं चार वर्षांपासूनचं आमंत्रण. "ये गं एकदा, नुसतं फोनवर किती विचारशील," असं ताई दर दिवाळीला म्हणायची. या वेळी तिला नुसतं गाडीचं नाव कळवलं आणि सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये जाऊन बसले.

पहिल्यांदा येणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नाही. गाव तिथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. बॅग घेऊन बाहेर पडलात की रिक्षावाले घेरतात. घाई नसेल तर सिटीलिंकची बस पकडा, स्वस्तात सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, नेऊन सोडते. मुक्काम मात्र स्टेशनजवळ नको. देवदर्शनासाठी आला असाल तर पंचवटी, आणि सकाळी धावायचं, संध्याकाळी फिरायचं असेल तर कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोड. ताईचं घर कॉलेज रोडला, त्यामुळे माझा प्रश्न आपोआप सुटला.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही पांडवलेणीला गेलो. मुंबईच्या रस्त्याला त्रिरश्मी डोंगर, पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, आणि वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्या चढताना धाप लागेल, पण झाडी आहे, बसायला कठडे आहेत. पाच वर्षांची पोरं आणि सत्तरीच्या आजी दोघंही आमच्याबरोबर वर पोचली. दुपारनंतर लेण्यांवर सावली येते, आतल्या खोल्या अगदी काळोख्या होतात. मोबाइलचा टॉर्च पुरत नाही, एखादी बरी बॅटरी जवळ ठेवा. लेखांची अक्षरं बाजूने उजेड टाकला तरच उठून दिसतात.

एकूण २४ लेणी आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या, दहाव्या आणि अठराव्या लेण्याला वेळ द्या. अठरावं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनागृह आहे. तिसरं सातवाहनांचं: व्हरांडा यक्षांनी खांद्यावर तोलून धरल्यासारखा कोरलाय, आणि भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गेल्यावर, नातवाच्या राज्यात, तिने आपल्या लेकाची थोरवी दगडात लिहून ठेवली. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो गौतमीपुत्र सातकर्णी, हे वर्णन त्यातलंच. आईने लिहवून घेतलेले शब्द म्हटल्यावर मला तिथून हलवेना. ताई दोनदा हाक मारून पुढे गेली.

पण माझ्या मनात घर केलं ते दहाव्या लेण्याने. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते भिक्षूंना दान दिलं, आणि नुसतं लेणं देऊन थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवली. कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक व्याजाने. उरलेली १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा पाऊण टक्क्याने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं. मी पतसंस्थेत नोकरी करते. मुदत ठेवीच्या पावत्या रोज माझ्या हाताखालून जातात. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीची पावती भिंतीवर कोरलेली पाहताना अंगावर काटा आला. राजाच्या जावयाने पैसा ठेवावा एवढी पत विणकरांची होती!

"हे गोवर्धन कुठे आलं?" मी विचारलं.

"अगं, इथेच. गंगापूर रोडने सरळ जा, सोमेश्वरच्या पुढे," ताई म्हणाली.

तिसऱ्या दिवशीचा रस्ता तिथेच ठरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भाऊजींनी मला गोल्फ क्लबला सोडलं. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लब म्हणा. कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर २१ डिसेंबर १९०९ ला याच शहरात गोळी झाडली, विजयानंद थिएटरमध्ये. मैदानाभोवतीचा जॉगिंग ट्रॅक ही नाशिककरांची सकाळची चावडी आहे. अंधार असतानाच माणसं येतात. कानटोपीतले आजोबा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, पदर खोचून झपझप चालणाऱ्या बायका. एकट्या बाईला पहाटे इथे धावताना जराही अवघडल्यासारखं होत नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण परक्या गावात आमचा पहिला प्रश्न तोच असतो. ट्रॅक पायांना बरा आहे. फक्त आतल्या बाजूने चालणाऱ्यांची रांग असते, तुम्ही बाहेरून जा. मुक्काम कॉलेज रोडला असेल तर कृषीनगरचा ट्रॅक आणखी जवळ पडेल.

हवेचं सांगते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. जानेवारीत पहाटे हाताची बोटं बधिर होतात. शेजारच्या निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात असतेच. पातळ जॅकेट आणि हातमोजे घ्या. पहिला किलोमीटर हळू ठेवा. साडेसातच्या आत धावणं उरका, त्यानंतर क्लासच्या दुचाक्या रस्ता सोडत नाहीत.

गोल्फ क्लबवरून मी रामकुंडाकडे निघाले. उतार आहे, पाय आपोआप पळतात. घाटावर मात्र धावू नका. ओल्या पायरीवर माझा पाय सटकला आणि ढोपर चांगलंच सोललं. शेजारी कपडे धूत बसलेल्या मावशींनी हात धरून बसवलं, कळशीतलं पाणी जखमेवर ओतलं आणि म्हणाल्या, "बाई, गंगेवर आली ना, मग सावकाश चाल." गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात.

मग सावकाश चालले, आणि बरं झालं. नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन तोंडांचा, शेंदूर माखलेला, थोराड. आपल्याकडे पूर आला की मीटरमध्ये आकडे सांगतात. नाशिकमध्ये आधी विचारतात, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, की गळ्याला? त्या सकाळी पाणी त्याच्या पायाशीही नव्हतं आणि दोन मुलं चौथऱ्यावर बसून पाव खात होती. त्याच्याकडे मान वर करून बघितलं तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ नीट कळला.

समोरच नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं. तिथली मोठी घंटा वसईच्या विजयाची. वर कपालेश्वर, जिथे महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटायचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, असं सांगतात. तिथून काळाराम चालत पाच-सात मिनिटांवर. सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं काळ्या पाषाणाचं देऊळ, आत रामाची मूर्तीही काळी. दर्शन झाल्यावर लगेच निघू नका. दारापाशी थांबा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि हे दरवाजे बंद केले गेले. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे अनेक वर्षं लढवला. मी उंबऱ्याला हात लावला तेव्हा रामाइतकीच त्या माणसांची आठवण आली. नाशिकला येऊन हे न आठवता परत जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

नंतर ताईबरोबर शनी चौकातून जाताना तिने रस्त्याकडे बोट दाखवलं. "इथे खाली रहाड आहे." पेशवेकाळापासूनचे हौद, वर्षभर बुजवलेले. रंगपंचमीला उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि माणसं वरून धप्पा मारतात. मला दिसला तो साधा रस्ता. रंगपंचमीला पुन्हा येईन, हे तिला तिथेच कबूल केलं.

आता खाणं. मी तर्री-पोह्यांच्या गावची, तेव्हा मिसळीला गुण देताना हात आखडता ठेवणार होते. बारदान फाट्याजवळच्या साधनाला चुलीवरची मिसळ मिळते. ताटात मटकीची उसळ, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड, वेगळ्या वाटीत रस्सा, आणि बाजूला जिलेबी. आमची तर्री आधी जिभेला चावते. इथला रस्सा आधी भाजलेल्या मसाल्याचा वास देतो आणि तिखट मागून, घशात येतं. पापड चुरून घाला, भाऊजींनी शिकवलं. रस्सा थोडाथोडा ओता, एकदम ओतला तर शेव मऊ पडते. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर जागा मिळणं कठीण. आणि धावून आल्यावर अर्धा तास जाऊ द्या, आधी पाणी, मग मिसळ. मिसळ खाऊन धावायचं नाव काढू नका.

दुपारी मेन रोडच्या भागात सायंतारा साबुदाणा वडा, बाहेरून खरपूस, आत मऊ. बरोबर न्यायला कोंडाजी चिवडा. भांडी बाजारातून तांब्याचा एक तांब्या घेतला, वजन करून देतात. भाव आधी दोन दुकानांत विचारा. द्राक्षं जानेवारीत बाजारात यायला लागतात, पण घेण्याआधी एक मणी चाखा, लवकरचा माल आंबट असू शकतो.

तिसऱ्या दिवशी गंगापूर रोड. कॉलेज रोडवरून निघाले तेव्हा चांदणं होतं. पहिले तीन-चार किलोमीटर इमारती, मग हळूहळू रोपवाटिका, मंगल कार्यालयं, मिसळीच्या बागा. रस्त्याला हलका चढ-उतार आहे, कडेला दिवे सगळीकडे नाहीत. उजाडल्यावर निघा, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने धावा. सोमेश्वरला थांबून महादेवाचं दर्शन घेतलं. जवळचा धबधबा या दिवसांत बेताचाच. त्यासाठी पावसाळ्यात या.

पुढे थंडी वाढली. नदी जवळ असल्याचा ओला वास येत होता. गोवर्धनची पाटी दिसली तेव्हा घड्याळात आठ किलोमीटरच्या वर आकडा गेला होता. चहाच्या टपरीवर बसले. घामाने अंग गार पडायला लागलं होतं. टपरीवाल्या काकांनी न विचारता बाकडं शेगडीजवळ सरकवलं.

"नागपूरहून धावत आलात काय?" ते हसले.

मी त्यांना लेण्यातली ठेव सांगितली. दोन हजार, एक हजार, व्याजाचा दर, विणकर. त्यांनी पातेल्यातला डाव बाजूला ठेवला आणि नीट ऐकून घेतलं. इथे आता कोणी विणत नाही, म्हणाले. द्राक्षं, टोमॅटो, भाजीपाला, आणि शहरात कामाला जाणारी पोरं.

"पण एक टक्का महिन्याला म्हणजे वर्षाला बारा," ते जरा वेळाने म्हणाले. "आमची सोसायटी एवढं देत नाही."

मी दुसरा चहा घेतला. परतीची बस यायला वीस मिनिटं होती.