उर्बिनोच्या टेकडीवर बरोक संगीत: जुलैतला वर्ग, रात्रीच्या मैफली आणि एक गंधार

पहिल्या सकाळी वर्गात शिरले तेव्हा बाई हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं कळवाद्य) लावत होत्या. उजव्या हातात किल्ली, डाव्या हाताचं बोट पट्टीवर, मान एका बाजूला कललेली. आपल्याकडे तानपुरा लावणारा माणूस बसतो तशीच बैठक. पांढरी एक आणि पांढरी तीन (म्हणजे आपल्या पेटीवरचे सा आणि ग) त्या एकत्र वाजवत होत्या आणि तिसरीची तार केसभर उतरवत होत्या. दोन स्वरांमधली ती थरथर आधी भरभर होती, मग सावकाश झाली, मग विरघळलीच. खोलीत एकदम शांत वाटलं. माझ्या तोंडून नकळत ‘ग’ निघाला. बाईंनी वळून पाहिलं, तीच जोडी पुन्हा वाजवली आणि मला परत गायला सांगितलं.

खर्जाची तार शांतपणे झंकारत असताना तानपुऱ्यातून आपोआप उमटतो तो हा गंधार. आपल्या नेहमीच्या पेटीतला आणि पियानोतला गंधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात कळवाद्यं लावण्याची एक रूढ पद्धत वेगळी होती. गंधार शुद्ध राहावा म्हणून अकरा पंचम किंचित आवळून घ्यायचे. मग बारावा इतका विसंवादी होतो की त्याला ‘लांडगा’ म्हणतात, आणि त्या वाटेला सहसा जायचं नाही. वीस वर्षं भजनाला आणि नाट्यसंगीताला पेटीची साथ करणाऱ्या मला हे एवढं कळलं, तिथेच प्रवासाचं सार्थक झालं.

गाव उर्बिनो. इटलीच्या मार्के प्रांतात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, तटबंदीच्या आत वसलेलं. चित्रकार राफाएल १४८३ साली इथेच जन्मला. जुन्या संगीताचा, म्हणजे बरोक (साधारण १६०० ते १७५० चा युरोपातला काळ) आणि त्याआधीच्या संगीताचा, उन्हाळी वर्ग इथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जुलैत भरतो. रेकॉर्डर ही उभी बासरी (इटालियन नाव ‘फ्लाउतो दोल्चे’, म्हणजे गोड बासरी), हार्पसिकॉर्ड, ल्यूट हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य, व्हायोला दा गांबा हे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं वाद्य, गायन हे सगळं दिवसभर शिकवलं जातं आणि रात्री मैफली होतात. गाव लहान असल्यामुळे एका खिडकीतून बासरी आणि दुसरीतून गळा ऐकतच तुम्ही चढण चढता.

पोहोचायचं कसं, ते नीट सांगते, कारण माझा अर्धा दिवस तिथे गेला. उर्बिनोला प्रवासी रेल्वे नाही. मुंबईहून बोलोन्या किंवा रोम गाठा. बोलोन्याहून किनाऱ्याच्या रेल्वेमार्गावर पेझारो लागतं (ऑपेराकार रोसिनीचं जन्मगाव), आणि तिथून बस. अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आहे, तासभर धरून चाला. पण रविवारी बस फार कमी असतात. मी रविवारी दुपारी उतरले आणि रणरणत्या उन्हात बराच वेळ थांब्यावर काढला. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी पोहोचा आणि तिकीट स्टेशनजवळच्या तंबाखूच्या दुकानातून आधीच घेऊन ठेवा. बस तटाखालच्या बोर्गो मेरकाताले चौकात सोडते. तिथून वर जायला लिफ्ट आहे, शिवाय वास्तुकार फ्रान्चेस्को दी जॉर्जो मार्तिनीने पंधराव्या शतकात बांधलेला गोल वळणाचा चढही आहे. चाकांची मोठी बॅग नको. विटांच्या त्या उभ्या गल्ल्यांमध्ये पाठीवरची पिशवीच बरी.

व्हिसाबद्दल एकच. शेंगेनचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. वर्गाचं प्रवेशपत्र हातात आलं की लगेच अर्ज करा आणि ते पत्र कागदपत्रांना जोडा. राहायला तटाच्या आत खोली घ्या. भाडं थोडं जास्त पडतं, पण दिवसातून चार वेळा चढ-उतार करावा लागत नाही आणि मैफल रात्री उशिरा संपली तरी पाच मिनिटांत घरी.

आता वर्गाबद्दल. मी फक्त श्रोता म्हणून नाव घातलं होतं. त्याची फी कमी असते, वाजवून दाखवावं लागत नाही, पण दिवसभर कुठल्याही वर्गात मागे बसता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. मैफलीत पूर्ण झालेली गोष्ट ऐकू येते. वर्गात ती होताना दिसते.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ‘बासो कोंतिनुओ’च्या वर्गात. कागदावर फक्त खालची खर्जाची ओळ लिहिलेली असते आणि तिच्याभोवती आकडे, ६, ७, कधी ४ आणि मग ३. त्या आकड्यांवरून वरचे स्वर वाजवणाऱ्याने जागच्या जागी भरायचे. किती भरायचे, कधी मोकळं सोडायचं, हे समोरच्या गायकाकडे बघून ठरवायचं. एका मुलाने दोन्ही हात भरभरून स्वर दिले. बाईंनी त्याला थांबवलं, गाणाऱ्या मुलीला तीच ओळ पुन्हा गायला लावली आणि त्याला फक्त डावा हात वाजवायला सांगितला. मग एकेक स्वर परत द्यायला लावला, तोही गाणारी श्वास घेते त्या जागी. गायकाच्या पुढे पळू नये, त्याचा पदर धरून चालावं, हे मला माझ्या गुरुजींनी सांगलीला शिकवलं होतं. शब्द वेगळे, कान तोच.

मात्र एक मोठा फरक आहे. पेटीला भाता असतो, स्वर फुगवता येतो. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते आणि बोट जोरात आपटलं तरी आवाज वाढत नाही. म्हणून सगळी भावना वेळेत ठेवायची. एखादा स्वर निमिषभर उशिरा द्यायचा, दुसरा लवकर सोडायचा. तीन दिवस मागच्या बाकावर बसून मला हे ऐकू यायला लागलं. त्याआधी सगळं एकसारखं खणखणीत वाटत होतं.

पट्टीचीही गंमत आहे. आजचा ‘ला’ म्हणजे ४४० कंपनांची पांढरी सहा. बरोक वाजवताना हल्ली साधारण ४१५ धरतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. पांढरी सहा दाबली जाताना दिसत होती आणि कानावर काळी चार पडत होती. पहिले दोन दिवस डोकं गरगरलं. मग कळलं की बऱ्याच नव्या हार्पसिकॉर्डचा पट्ट्यांचा संच बाजूला सरकतो आणि ४४० वरून ४१५ वर येतो. आपल्या स्केल चेंजर पेटीसारखाच!

मैफलींपैकी मनात राहिली ती इटालियन व्हायोलिनवादक-रचनाकार कोरेल्लीच्या पाचव्या ओपसची, म्हणजे छापील रचनासंचाची. बारा सोनाटांचा (व्हायोलिन आणि साथीसाठीच्या रचनांचा) हा संच १७०० साली रोमला छापला गेला आणि शेवटी ‘ला फोलिया’ या जुन्या चालीवरची रचना आहे. सोळा मात्रांच्या लांबीचा खर्ज परत परत येतो (इथे मात्रा म्हणजे त्यांचा तीन ठोक्यांचा गट) आणि व्हायोलिन त्यावर नवनवं बांधत जातं. आवर्तन कळणाऱ्या आपल्या श्रोत्याला समेची वाट बघायला कुणी शिकवावं लागत नाही. संथ भागांत मात्र छापील ओळ अगदी सांगाड्यासारखी असते. वाजवणारी तिच्यात मनाने फिरत होती. ॲमस्टरडॅमला १७१० मध्ये याच सोनाटांची एक आवृत्ती निघाली, संथ भागांच्या नक्षीसकट, कोरेल्ली स्वतः वाजवायचा तशी म्हणून. आदल्या दिवशी वर्गात ती दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली होती, म्हणून रात्री मला सगळं उमगलं. जी रचना मैफलीत ऐकणार आहात ती आधी वर्गात ऐका. स्वरलिपी आयएमएसएलपी या इंटरनेटवरच्या संग्रहात फुकट मिळते. त्या संग्रहाला पेत्रुची नाव दिलं आहे आणि संगीत सुट्या खिळ्यांनी छापणारा हा ओत्ताव्हियानो पेत्रुची उर्बिनोजवळच्याच फोस्सोम्ब्रोनेचा.

मैफली चर्चमध्ये असतात आणि रात्री नऊच्या सुमारास सुरू होतात. लाकडी बाकावर घालायला पातळ उशी, एक हातपंखा आणि पाण्याची बाटली घ्या. वर्गासाठी शिसपेन्सिल आणि खोडरबर हवंच.

दुपारी सगळं बंद होतं तेव्हा राजवाडा बघा. सोमवारी तो बंद असतो, त्याप्रमाणे बेत करा. ड्यूक फेदेरिकोच्या छोट्या अभ्यासिकेच्या भिंतींवर रंगीत लाकडाचे तुकडे बसवून कपाटं भासवली आहेत आणि त्यांत वाद्यं ठेवलेली दिसतात. ल्यूट आहे, क्लॅव्हिकॉर्ड हे आणखी एक जुनं कळवाद्यही आहे. मी दोनदा गेले, दुसऱ्यांदा फक्त पट्ट्या मोजायला.

शाकाहारींनी लक्षात ठेवा, गावची ‘क्रेशा’ ही पदरांची भाकरी सुरेख असते, पण कणकेत डुकराची चरबी घालतात. ‘सेन्झा स्त्रुत्तो’ असं विचारून घ्या, नाही मिळाली तर साधा पाव, टोमॅटो आणि फळं. मी खाकरा आणि मेतकूट नेलं होतं, ते रोज उपयोगी पडलं.

परत आल्यावर मिरजेला जाऊन माझी जुनी पेटी उघडून घेतली. कारागिराने पांढरी तीनचा सूर (आत कंप पावणारी पितळी पट्टी) मुळाशी अगदी थोडा घासला, की तो उतरतो. दर वेळी भाता भरून तो पांढरी एकबरोबर वाजवायचा, थरथर ऐकायची आणि पुन्हा घासायचा. चौथ्या वेळी ती थांबली. पांढरी एकमध्ये गाणाऱ्यांना आता मी तीच पेटी घेते. काळी चारवाल्यांना दुसरी.