४९९ रुपयांच्या टी-शर्टमधले संस्थेला किती पोहोचतात?

पुणे, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

दिवाळी आठवड्यावर आली. कोथरूडपासून कॅम्पापर्यंत प्रदर्शनं लागलीत आणि दर दोन-चार गाळ्यांआड तेच लेबल लटकतंय: 'नफ्यातील काही भाग सामाजिक कार्यासाठी'. या 'काही भाग'चं फार वाईट वाटतं. घेणाऱ्याची भावना खरी असते, हिशेब मात्र कुणी मागत नाही.

ढोबळ आकडे धरून मांडून पाहू. ४९९ मधले २४ रुपये जीएसटीचे, उरले ४७५. १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) कोरा सुती टी-शर्ट १७०, छपाई ६०, पिशवी-लेबल १५, झाले २४५. २०० नग छापले की ४९,००० आधीच अडकले. त्यातले समजा १३० खपले, कारण मापांचा अंदाज हमखास चुकतो: मीडियम-लार्ज पहिल्याच दिवशी संपतात, स्मॉल आणि डबल एक्सएल पडून राहतात. वर साल छापलेलं असेल तर पुढच्या वर्षी ते कुणी हातात घेत नाही. विक्रीचे आले ६१,७५०. मालाचा खर्च वजा जाता १२,७५०, दोन दिवसांचं गाळाभाडं ६,००० गेलं की ६,७५०. 'नफ्याच्या १० टक्के' म्हणजे ६७५ रुपये. १३० जणांनी मिळून ६४,८७० मोजले आणि संस्थेला माणशी जेमतेम पाच रुपये गेले. यात कुणी चोरी केलेली नाही! 'विक्रीच्या १० टक्के' असते तर ६,१७५ गेले असते आणि विक्रेत्याच्या हाती जवळपास काहीच उरलं नसतं.

म्हणून लेबलवर नगामागे ठरलेली रक्कम आणि संस्थेचं नाव हवं. पुण्यातल्या न्यासाचा (ट्रस्टचा) नोंदणी क्रमांक 'ई' किंवा 'एफ' अक्षराने सुरू होऊन '/पुणे'वर संपतो, तो मागावा. हिशेबात अनुसूची नऊ, म्हणजे न्यासाच्या उत्पन्न-खर्चाचा तक्ता, बघावी: आस्थापना खर्च एकीकडे, न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च दुसरीकडे. नोंदणी नसताना निधी जमवायचा तर धर्मादाय आयुक्तांकडून राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्यातल्या कलम ४१ क ची परवानगी लागते. नोंदणी नसलेली गणेश मंडळं ती काढतातच.

गाळ्यावरचं बिल ही देणगीची पावती नव्हे. आयकरातली ८० जी ची वजावट थेट देणगीला, तीही जुन्या करप्रणालीत. २,००० च्या वर रोख चालत नाही आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (१० बीई) घ्यावं लागतं. टी-शर्टच्या पैशांतून विक्रेत्याने देणगी दिली तर पावती त्याच्या नावावर फाटते.

विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या रंगवलेल्या पणत्या, बचत गटाचं उटणं, कापडी पिशव्या यांचं गणित निराळं. तिथे मदत नफ्यात नसते, मजुरीत असते. तेव्हा विचारायचं ते एवढंच: डझनामागे करणाऱ्याच्या हातात किती पडतात, आणि काम झाल्यावर पडतात की माल खपल्यावर? खपल्यावर मिळत असतील तर उरलेल्या पणत्यांचा तोटा ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याच डोक्यावर बसतो. सोसायट्यांनी, कंपन्यांनी जुलै-ऑगस्टमध्येच आगाऊ रक्कम देऊन ऑर्डर नोंदवली की कच्च्या पणत्या, रंग आणि मजुरी वेळेत भागते. धनत्रयोदशीला घासाघीस करून नेलेल्या दोन डझनांनी ते भागत नाही.