प्रोसेसर जळेल का? तुम्ही विचारलंत म्हणून

नवा डेस्कटॉप जोडून घेतलेले मित्र, नातेवाईक आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुले मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: ‘पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करायचे म्हणतो आहे, प्रोसेसर जळणार तर नाही ना?’ (ओव्हरक्लॉक करणे म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे.) आजवर मी या प्रश्नाला फोनवरच, घाईघाईत उत्तर देत आलो. ते एकदा नीट लिहून द्यावे, असे बरेच दिवस मनात होते.

जळण्याची भीती बहुतांशी निराधार आहे. आताचे प्रोसेसर स्वतःचे तापमान सतत मोजत असतात. ठरलेली मर्यादा गाठली, म्हणजे माझ्याकडच्या इंटेल कोअर आय५-९६००के या प्रोसेसरच्या बाबतीत १०० अंश सेल्सिअस झाले, की ते आपणहून वेग कमी करतात आणि तरीही उष्णता आवरली नाही तर मशीन बंद पाडतात. खरा धोका निराळा आहे. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज दिले तर सिलिकॉनची हळूहळू झीज होते, आणि कमी दिले तर प्रोसेसर न थांबता, न हँग होता चुकीचे उत्तर देऊ लागतो. या शेवटच्या धोक्याविषयी मला आजवर कोणीही विचारलेले नाही, आणि मला मात्र सर्वांत जास्त त्याच्याविषयीच सांगायचे आहे.

मी नागपूरला राहतो. हा प्रोसेसर घेतला तो डिसेंबर महिना होता आणि खोलीत जेमतेम १८ अंश तापमान असे. सहाही कोअरवर काम पडले की हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर ४.३ गिगाहर्ट्झने चालतो. मी तो १.३० व्होल्टवर ४.९ पर्यंत नेला, अर्धा तास चाचणी घेतली, तापमान ७२ च्या पुढे गेले नाही, आणि काम झाले असे समजून मी तो विषय सोडून दिला. पुढे मे महिन्यात मामेबहिणीचे लग्न झाले. लग्नाचे सगळे फोटो एका झिप फाईलमध्ये बांधून मी तिला पेन ड्राइव्हवर दिले. चार दिवसांनी तिचा फोन आला की फाईल उघडताना सीआरसी एरर (म्हणजे आतली माहिती मूळच्याशी जुळत नाही, असा इशारा) येते आहे आणि काही फोटो अर्धेच दिसत आहेत. तिने पाठवलेला एक फोटो मला अजून डोळ्यांसमोर दिसतो: मामा-मामी कन्यादानाला बसलेले, मामांच्या खांद्यापर्यंत चित्र स्वच्छ, आणि तिथून खाली नुसता करडा पट्टा.

मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर शाबूत होते, म्हणून निभावले. पेन ड्राइव्ह बदलून पाहिला, मेमरी तपासली, सर्व ठीक होते. शेवटी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला, तेव्हा तिथे ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाखाली १९ क्रमांकाच्या इशाऱ्यांची रांगच लागलेली होती, आणि जवळजवळ प्रत्येक इशाऱ्याची वेळ दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानची होती. प्रोसेसरच्या आत चूक झाली, ती पकडली आणि दुरुस्त केली, असा या नोंदीचा अर्थ असतो. ज्या चुका पकडल्या गेल्या नाहीत, त्यांची नोंद कुठेच नसते. या काळात मशीन एकदाही हँग झाले नव्हते.

कारण समजायला अवघड नाही. हवेने थंड होणारी हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) कितीही मोठी असली तरी ती प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही तापतो. डिसेंबरात १८ अंशांच्या खोलीत ७२ वर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात ३६ अंशांच्या खोलीत ९० वर जातो, आणि तापलेल्या सिलिकॉनला तोच वेग टिकवण्यासाठी थोडे जास्त व्होल्टेज लागते. हिवाळ्यात जेमतेम पुरलेले व्होल्टेज उन्हाळ्यात अपुरे पडले, एवढीच ती गोष्ट होती. म्हणून विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो की हिवाळ्यात केलेले ओव्हरक्लॉकिंग हे अर्धेच झालेले काम आहे.

आता वेगाचे गणित. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले मल्टिप्लायर; ४३ चा मल्टिप्लायर म्हणजे ४.३ गिगाहर्ट्झ. तो आकडा बदलण्याची मुभा इंटेलच्या बाबतीत नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरवर आणि झेड मालिकेच्या मदरबोर्डवर मिळते. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असतात, मात्र ए मालिकेचा मदरबोर्ड चालत नाही. उष्णता मात्र नुसत्या वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ती वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माझ्या मशीनवर ४.३ ला १.१५ व्होल्ट पुरतात आणि ४.७ ला १.२२ लागतात, म्हणजे ९ टक्के वेगासाठी सुमारे २३ टक्के जास्त उष्णता. ४.९ ला १.३० लागतात, म्हणजे १४ टक्के वेगासाठी सुमारे ४६ टक्के. तीस मिनिटांचे व्हिडिओ एक्स्पोर्ट ४.७ वर फार तर साडेसत्तावीस मिनिटांवर येते आणि ४.९ वर सव्वासव्वीसवर. त्या सव्वा मिनिटासाठी मी बहिणीच्या लग्नाचे फोटो पणाला लावले होते, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले.

जुन्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टींमुळे अनेकांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, त्याचा बस स्पीड, म्हणजे मूळ ठोका, ६६ वरून १०० केला की ४५० वर चालत असे. ती सरळ दीडपट होती. आज कंपन्या स्वतःच प्रोसेसरला त्याच्या मर्यादेजवळ नेऊन विकतात, त्यामुळे दहा टक्के मिळाले तरी ते पुष्कळ म्हणावेत. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे कामाला हात घालण्यापूर्वीच माहीत असावे.

प्रत्यक्ष काम करताना सुरुवात वाढवण्यापासून करू नये. आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) मूळ सेटिंग लोड करावे, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा सिनेबेंच हा प्रोग्राम चालवावा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्राममध्ये दिसणारे तापमान, व्होल्टेज आणि वेग वहीत लिहून ठेवावेत. मूळ सेटिंगवरच तापमान ८० च्या वर जात असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप), हीटसिंकची बसवणूक आणि पंख्यांची दिशा पाहावी आणि ओव्हरक्लॉकिंग विसरावे. (खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, त्यातून दमट हवा आणि धूळ दोन्ही आत जातात.) बायोस अपडेट करायचे असेल तर यूपीएस जोडल्याशिवाय करू नये, कारण मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

त्यानंतर मल्टिप्लायर एकेका आकड्याने वाढवावा आणि व्होल्टेज ‘ऑटो’वर कधीही सोडू नये. ऑटोवर अनेक मदरबोर्ड मशीन बंद पडू नये म्हणून गरजेपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देतात, आणि झीज होते ती यानेच. ही झीज काल्पनिक नाही: २०२४ मध्ये इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अवाजवी व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे स्वतः मान्य केले, सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यासाठी कोणी ओव्हरक्लॉक करण्याचीही गरज पडली नव्हती. प्रत्येक पायरीवर दहा मिनिटांची चाचणी पुरते. ब्लू स्क्रीन आली तर घाबरण्याचे कारण नाही, व्होल्टेज ०.०१ ने वाढवावे किंवा एक पायरी खाली यावे. मशीन सुरूच होईनासे झाले तर वीज काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटे बाहेर काढावा, मूळ सेटिंग परत येते. माझ्या या पिढीच्या प्रोसेसरवर मी १.३० व्होल्टच्या वर जात नाही आणि ८५ अंशांच्या वर तापमान जाऊ देत नाही; तुमच्या प्रोसेसरचे आकडे निराळे असतील, ते आधी शोधून काढावेत.

शेवटचा वेग ठरला की मगच खरी चाचणी सुरू होते. फोटोंचा प्रकार घडला त्या वर्षी मी ४.७ वर उतरलो आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, पहिल्याच दिवशी दुपारी तीन वाजता, कॅबिनेटचे झाकण लावून, खोलीतला कूलर बंद ठेवून प्राइम९५ हा ताणचाचणीचा प्रोग्राम चार तास चालू ठेवला. खोलीत ३६ अंश होते, प्रोसेसर ८२ वर स्थिर राहिला. सात वाजता इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्या दुपारची एकही नोंद नव्हती. मग कॅमेऱ्याचे कार्ड लावून लग्नाच्या फोटोंची झिप नव्याने केली, ती पुन्हा उघडून शेवटच्या फोटोपर्यंत तपासली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला नेऊन दिली.