कॅल्शियम बाटलीतच होतं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी जेलसोलिन नावाचं प्रथिन घेतलं होतं. पेशीत ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू असतात. कॅल्शियम वाढलं की जेलसोलिन ते कापतं आणि कापलेल्या टोकावर टोपीसारखं बसून राहतं. १९७९ मध्ये हेलन यिन आणि थॉमस स्टॉसेल यांनी ते मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींत शोधलं. घट्ट जेलचं पातळ सोल करतं, म्हणून जेलसोलिन.

मला ते स्वतः करून बघायचं होतं. विभागात असले तंतू दिसतील असा मायक्रोस्कोप नव्हता, पण केमिस्ट्रीवाल्यांकडे द्रवाचा दाटपणा मोजायची काचेची नळी, ऑस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर, होता. लांब तंतू असले की द्रव नळीतून सावकाश उतरतो, तुकडे झाले की भराभर. दोन्ही प्रथिनं पुण्याहून बर्फात घालून हुतात्मा एक्स्प्रेसनं आणली. सोलापूर येईपर्यंत तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

एप्रिल महिना. वॉटर बाथ २५ अंशांवर ठेवायला बर्फ टाकत बसावं लागायचं, म्हणून सकाळी सहालाच जायचे. नुसता बफर, म्हणजे प्रथिनं ज्यात ठेवतात ते द्रावण, ६२ सेकंदांत उतरला. मीठ-मॅग्नेशियम घालून तंतू जुळवलेलं ॲक्टिन ९४. त्यातच कॅल्शियम न घालता जेलसोलिन घातलं, तर ६६! म्हणजे तंतू कापले गेले होते; कॅल्शियम कुठून तरी येत होतं.

पहिला संशय पाण्यावर. आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो. विभागातल्या डिस्टिलेशनच्या कॉइलवरही तोच थर होता. ओळखीतून शुद्ध पाणी मागून आणलं, काचेऐवजी प्लास्टिकच्या नळ्या घेतल्या. त्यात आठवडा गेला. उत्तर ६७.

मग सरांनी विचारलं, "ॲक्टिन ज्या बफरमधे आलंय, त्यात काय काय आहे ते वाचलंस का?"

आम्लता स्थिर ठेवणारं ट्रिस, पेशीचं इंधन असलेलं एटीपी आणि ०.२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. सुट्या ॲक्टिनला टिकायला असा एखादा आयन धरून राहावं लागतं, म्हणून ते घातलेलंच असतं. मी चौपट पातळ केलं तरी ५० मायक्रोमोलर उरत होतं. शांत पेशीत ते ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास असतं. म्हणजे पाचशे पट! बाहेर मिलिमोलरनं कॅल्शियम असताना पेशी एटीपी खर्चून ते सतत उपसत असते, तेव्हा कुठे आत आलेल्या थोड्याशा कॅल्शियमचाही निरोप होतो. हे पुस्तकात दहादा वाचलं होतं. पण माझ्या नळीत उपसणारं कोणी नव्हतं, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी १ मिलिमोलर ईजीटीए घातलं. ते कॅल्शियम पकडून ठेवतं. जेलसोलिन असूनही ९२ सेकंद! मग ईजीटीएला पुरून उरेल इतकं कॅल्शियम घातलं, आणि ६६. स्टॉपवॉच धरलेला हात थरथरत होता.

पुन्हा ईजीटीए घातलं की तंतू परत जुळतील असं मला वाटत होतं. अर्धा तास थांबले. ६६ च.

सर म्हणाले, "कॅल्शियम काढून घेतलं तरी टोपी सुटत नाही. पेशीत ती पेशीपटलातलं पिप-टू नावाचं लिपिड सोडवतं."

पिप-टू आमच्याकडे नव्हतं. वहीत वेळ लिहिली आणि नळी धुवायला घेतली.