१३६ किलोहर्ट्झ ऐकताना माझा सगळा वेळ खाल्ला तो केबलने

१३६ किलोहर्ट्झ हा हौशी रेडिओचा लाँगवेव्हवरचा पट्टा. माहितीपत्रकावर ‘३० किलोहर्ट्झपासून’ छापलेलं असलं, तरी हौशी रेडिओचे बरेच संच ५०० किलोहर्ट्झच्या खाली जवळपास बहिरेच असतात. संवेदनशीलतेचा तक्ता उघडा. बहुतेकदा तो ०.५ किंवा १.८ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. म्हणून मी फक्त स्थिर ऑसिलेटर आणि ५०० हर्ट्झचा सीडब्ल्यू (मोर्ससाठीचा अरुंद) फिल्टर असलेला संच निवडला आणि पुढे एनई६०२ या मिक्सर चिपचा कन्व्हर्टर जोडला, जो फ्रिक्वेन्सी वर नेतो. ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की १३६ किलोहर्ट्झ ४.१३६ मेगाहर्ट्झवर येतं. इथवर काही अडलं नाही.

अडलं ते खरखरीपाशी. मिनी-व्हिप, म्हणजे छोट्या पत्र्याची अ‍ॅम्प्लिफायरवाली अँटेना, उंच करा, असं जो तो सांगतो. पण ही अँटेना टोकाचा पत्रा आणि केबलचं शील्ड (बाहेरची जाळी) यांच्यातला व्होल्टेज मोजते. घरातल्या स्विचिंग पुरवठ्यांची खरखर शील्डवरून वर चढली, तर तिला तोही सिग्नलच वाटतो.

उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: सिग्नल जाऊ देतो, पण दोन्हीकडची शील्ड एकमेकांपासून तोडतो. शॉर्टवेव्हसाठीचा तयार ट्रान्सफॉर्मर इथे चालत नाही, आणि हे कुठे स्पष्ट लिहिलेलं नसतं याचा मला अजून राग आहे. एफटी५०-४३ या फेराइटच्या कडीवर (कोअरवर) १० वेढ्यांचं इंडक्टन्स साधारण ५० मायक्रोहेन्री. १३६ किलोहर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम ४५ ओहम भरतो. ५० ओहमच्या लाइनला किमान २०० हवेत. ३० वेढे दिले की ४०० च्या आसपास मिळतात. दोन्ही वाइंडिंग कोअरच्या समोरासमोरच्या बाजूंना, वेगवेगळी. तारा एकत्र पिळल्या तर त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून खरखर पलीकडे जातेच.

एवढं करूनही ती गेली नाही, कारण अँटेनाला वीज देणारा अडॅप्टर शील्डला पुन्हा घराच्या वायरिंगशी जोडत होता. ट्रान्सफॉर्मर बायस टी (केबलमधूनच अँटेनाला वीज देणारी जोडणी) आणि रिसीव्हर यांच्यामध्ये हवा, आणि बायस टीला वीज १२ व्होल्टच्या बॅटरीवरून. शील्डचं अर्थिंग खांबाच्या पायथ्याशी, घराच्या अर्थिंगपासून वेगळं. बॅटरी जोडली त्या क्षणी पट्टा शांत झाला आणि विमानतळांचे बीकन (विमानांना दिशा दाखवणारी रेडिओ केंद्रं) एकेक करून वर आले.

एक राहिलंच: कन्व्हर्टरच्या आधी सुमारे ५०० किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्यावरचं सगळं अडवणारा) हवाच, नाहीतर मीडियम वेव्हची केंद्रं मिक्सर बुडवतात. एनई६०२ला ८ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका. ६ व्होल्टचा रेग्युलेटर पुरतो. संचाचा प्रीअँप (आधीचा अ‍ॅम्प्लिफायर) बंद. बीकनची ओळख बहुधा वाहक लहरीपासून १०२० किंवा ४०० हर्ट्झवर असते, तिथे सीडब्ल्यूवर ट्यून करा.